कॅम्परची वीज : आधी हिशेब, मग पॅनेल

कॅम्परव्हॅन सजवताना अनेक जण प्रथम छतावर मावेल तेवढे सौर पॅनेल घेतात आणि पहिल्याच मुक्कामी मध्यरात्री फ्रिज बंद पडतो. हे टाळायचे, तर हिशेब उपकरणांपासून सुरू करायला हवा.

१२ व्होल्टवरील ४५ वॉटच्या छोट्या फ्रिजचा कॉम्प्रेसर दिवसात एकूण ८ तास चालला, तर ३६० वॉट-तास वीज लागते. २० वॉटच्या पंख्याला ८ तासांसाठी १६०, दिवे व मोबाइलला ८० धरल्यास रोजची गरज ६०० वॉट-तास, म्हणजेच ५० अँपिअर-तास होते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते; म्हणून ती किमान १०० अँपिअर-तासांची असावी.

पाच तासांचे प्रखर ऊन आणि ३० टक्के घट गृहीत धरल्यास २०० वॉटचे पॅनेल पुरते. पावसाळ्यात किंवा झाडाच्या सावलीत मात्र हे गणित कोलमडते. अशा वेळी इंजिनाच्या अल्टरनेटरवरून बॅटरी चार्ज करण्याची सोय उपयोगी पडते.

खर्चात काटकसर कुठेही करावी, पण बॅटरीच्या धन टोकाजवळील फ्यूज वगळू नये. शॉर्टसर्किट झाल्यास गाडीला आगीपासून वाचवणारा तोच पहिला पहारेकरी असतो.