थर्मामीटरलाच ताप

तीन दिवस आमच्या डिशवॉशरमधून भांडी गारेगार बाहेर येत होती. कढईचा तेलकटपणा तसाच, साबणाची वडी अर्धी विरघळलेली, ग्लासांवर पांढुरकी साय. चौथ्या दिवशी पडद्यावर कोड झळकला. पुस्तिकेत अर्थ दिला होता: तापमान सेन्सरमध्ये बिघाड. मेकॅनिकने यंत्र न बघता फोनवरच निकाल दिला, "सेन्सर गेला. बदलावा लागेल."

आता हा सेन्सर म्हणजे काय, तर पाण्याच्या संपर्कात बसवलेल्या टोपणातला एक बारीकसा मणी. त्याला थर्मिस्टर म्हणतात. गार असताना तो विजेला जास्त अडवतो, तापला की कमी. बऱ्याच यंत्रांत २५ अंशांना त्याचा रोध १० किलोओहम असतो, ५० अंशांना साडेतीन-चारपर्यंत उतरतो. (काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, आपल्या मॉडेलचा तक्ता बघावा.) कंट्रोल बोर्डाला पाणी दिसत नाही, त्याला फक्त हा रोध कळतो. वायर तुटली की रोध अफाट वाढतो आणि बोर्डाच्या हिशेबात पाणी बर्फाहून गार ठरतं. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर ते उकळत्याहून गरम ठरतं. असलं काही संभवत नाही एवढं बोर्डाला कळतं, म्हणून अनेक यंत्रांत तो हीटर चालूच करत नाही आणि कोड दाखवतो. पण मणी बिघडला की वायर की कनेक्टर, हे त्याला सांगता येत नाही. पुस्तिका मात्र सरळ सेन्सरचं नाव घेते.

म्हणून आधी सेन्सरपासून बोर्डापर्यंतची वाट, म्हणजे वायर आणि कनेक्टर, तपासायची. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका. नसेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग सॉकेटमधून काढा, पाण्याचा नळ बंद करा, तळाचं पाणी उपसा. कंट्रोल बोर्डाच्या वाटेला जाऊ नका, प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ वीज साठून राहू शकते.

सेन्सर बहुधा टाकीच्या तळाशी असतो. तिथे ऊब असते, अंधार असतो. झुरळांना आणि उंदरांना आणखी काय हवं? वायर कुरतडलेली आहे का बघा, मग कनेक्टर ओढून काढा. आमच्या कनेक्टरच्या एका पिनवर हिरवट थर होता. शेजारच्या नळीतून पाणी झिरपत होतं.

सेन्सर सुटा करून मल्टीमीटर २० किलोओहमवर लावला. आकडा नऊच्या आसपास आला. मग त्याचं टोक कोमट पाण्याच्या वाटीत धरलं, तर आकडा हळूहळू उतरत गेला. म्हणजे मणी ठणठणीत. आकडा उतरलाच नसता किंवा मध्येच उड्या मारू लागला असता, तर मेकॅनिक खरा ठरला असता.

सेन्सर चांगला, वायरही चांगली, तरी पाणी गारच, असं झालं तर हीटरकडे वळायचं. २३० व्होल्टवरच्या २००० वॉटच्या हीटरचा रोध साधारण २६ ओहम भरतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर हीटर जळाला समजा.

आम्ही नळीची क्लिप बदलली, पिन साफ करून वाळवली, कनेक्टर घट्ट बसवला. कोड गेला, कढई गरम बाहेर आली. ग्लासांवरची साय मात्र हलेना. तिचा सेन्सरशी काही संबंधच नव्हता. आमचं पाणी बोअरवेलचं, म्हणजे जड, आणि ते मऊ करायला लागणाऱ्या मिठाचा कप्पा दोन महिने रिकामा होता.