थिअरीवाला नेमकं मोजतो काय? रोहिणी गोडबोले यांच्या कामातून समजून घेऊया

एम.एस्सी. फिजिक्सनंतर ‘थिअरीत पीएच.डी. करायचीय’ म्हटलं की दोन समज आडवे येतात. एक, थिअरी म्हणजे वहीतली गणितं, प्रयोगाशी संबंध नाही. दोन, कणभौतिकी करायची तर सर्नसारखं यंत्र शेजारी हवं. यवतमाळ-पुसदच्या पोरांचं ते काम नाही. प्रा. रोहिणी गोडबोले यांचं काम बघा, दोन्ही समज टिकत नाहीत.

प्रवास थोडक्यात

जन्म पुण्यात, १९५२ साली. एस. पी. कॉलेजातून बी.एस्सी., आयआयटी मुंबईतून एम.एस्सी. आणि १९७९ मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुकहून पीएच.डी. मग टीआयएफआर, १९८२ पासून मुंबई विद्यापीठ आणि १९९५ पासून बंगळुरूचं आयआयएससी. २०१९ मध्ये पद्मश्री. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचा विषय फिनॉमिनॉलॉजी. म्हणजे सिद्धांत खरा असेल तर डिटेक्टरमध्ये काय दिसेल, किती वेळा दिसेल आणि कशाशी त्याची गल्लत होईल, हे आधीच मोजून ठेवणं.

एक उदाहरण

इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची टक्कर ‘स्वच्छ’ मानतात, कारण दोघांच्याही आत प्रोटॉनसारखे क्वार्क-ग्लुऑन नाहीत. नव्या मोठ्या यंत्रांत टकरा जास्त मिळाव्यात म्हणून या कणांचे झोत अतिशय बारीक करावे लागतात. पण इतक्या दाट झोताचं विद्युतचुंबकीय क्षेत्र समोरून येणाऱ्या कणांना वाकवतं, आणि वाकताना ते फोटॉन बाहेर टाकतात. याला बीमस्ट्रालुंग म्हणतात.

हे फोटॉनही एकमेकांवर आदळतात. आता गंमत बघा. फोटॉन मूलकण आहे असं आपण शिकतो. पण उच्च ऊर्जेचा फोटॉन क्षणभर क्वार्क-अँटिक्वार्क जोडीच्या रूपात असू शकतो. तेव्हाच टक्कर झाली तर तो हॅड्रॉनसारखा वागतो. मॅन्युएल ड्रीस आणि गोडबोले यांनी १९९१ मध्ये हिशोब मांडला की झोताची रचना जपून केली नाही, तर या ‘स्वच्छ’ टकरीत हॅड्रॉनांची गर्दी होईल. आज याला ड्रीस-गोडबोले इफेक्ट म्हणतात.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. ज्या यंत्रांबद्दल हे गणित होतं, ती तेव्हा कागदावरच होती, आणि गोडबोले मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या. शिवाय फोटॉनची रचना हा एका गटाचा विषय, झोताची रचना दुसऱ्या गटाचा. प्रश्न सापडला तो दोन्ही जोडल्यावर.

संशोधनापलीकडे

विज्ञानात मुली का टिकत नाहीत, हा प्रश्नही त्यांनी तितकाच लावून धरला. रामकृष्ण रामस्वामी यांच्यासोबत त्यांनी संपादित केलेलं ‘लीलावतीज डॉटर्स’ (२००८) भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या कहाण्या सांगतं. मुलींनो, अर्ज भरण्याआधी ते जरूर वाचा.

तुम्ही काय कराल?

नेट, गेट, जेस्टची तयारी चालू ठेवाच. पण सोबत अर्काइव्हवर, जिथे पेपर फुकट मिळतात, तुमच्या संभाव्य गाईडचा एक पेपर काढा. गणित कळलं नाही तरी प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचा आणि तीन ओळी लिहा: प्रश्न काय, मोजलं काय, कोणत्या प्रयोगाला उपयोग. या तीन ओळी जमल्या की मगच मेल पाठवा.