चंद्राची माती कशी मोजली?

घर बांधावयाचे ठरले की पहिला प्रश्न मातीचा येतो. जुना अनुभवी गडी जागेवर येतो, टाचेने जमीन दाबून पाहतो, दोनचार ठिकाणी पहार मारतो. पहार किती शिरली, आवाज कसा आला, बाहेर काढताना जोर किती लागला, एवढ्यावरून तो सांगतो, "येथे तीन फुटांवर मुरूम लागेल," किंवा "ही भरावाची जागा दिसते, येथे भरवसा नाही." हे ज्ञान त्याने पुस्तकातून घेतलेले नसते. ते हाताने आणि पायाने मिळवलेले असते. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने चंद्राच्या मातीविषयी काय सांगावे, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. तर आम्ही या विषयाकडे वळलो ते त्या पहारीमुळे. अमेरिकेच्या अपोलो मोहिमांची हकीकत वाचीत असता आमच्या ध्यानात आले की, कोट्यवधी डॉलर खर्चून दोन माणसे चंद्रावर उतरली आणि तेथे त्यांनी जी कामे केली त्यांत पहार ठोकणे, चर खणणे आणि जमीन दाबून पाहणे ही कामे होती. बिगारी काम म्हणून आपण ज्यास नाक मुरडतो, तेच तेथे विज्ञान झाले.

प्रथम मोजावयाचे काय, ते पाहू. माती आपल्यावरचा भार का सोसते? तिला दोन आधार असतात. ज्वारीची रास घाला. ती एका ठरावीक उतारावर थांबते. त्याहून उभी होत नाही. दाणा दाण्यावर घासतो, त्या घर्षणामुळे ती तेवढी तरी उभी राहते. आता ओल्या पिठाचा मुटका करा. तो हवा तसा उभा राहतो, कारण त्यात चिकटपण आहे. प्रत्येक मातीत ही दोन बळे कमीअधिक प्रमाणात असतात. वरून दाब वाढला की घर्षण वाढते. चिकटपण मात्र दाबावर अवलंबून नसते. कूलाँ नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअराने १७७३ साली ही विभागणी मांडली आणि आजही पाया, बंधारा, रस्ता यांचे गणित तिच्यावरच चालते. या दोन बळांच्या जोडीला तिसरी गोष्ट म्हणजे घनता, अर्थात दाणे किती दाटीने बसले आहेत. ही तिन्ही कळली की जमीन किती भार घेईल, चाक किती रुतेल, खड्ड्याची भिंत किती उभी राहील, हे सांगता येते.

चंद्राच्या बाबतीत ही तिन्ही अज्ञात होती. टॉमस गोल्ड या शास्त्रज्ञाने १९५५ साली असे मांडले की, चंद्रावरची काळी मैदाने बारीक धुळीने भरलेली असावीत. मग यान उतरले तर पिठात दगड पडावा तसे बुडेल की काय, ही धास्ती निर्माण झाली. वादविवाद पुष्कळ झाला, परंतु वादाने जमीन टणक होत नाही की मऊही होत नाही. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी रशियाचे लूना ९ हे माणसावाचून गेलेले यान चंद्रावर उतरले आणि बुडाले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेचे सर्व्हेयर १ उतरले. एप्रिल १९६७ मध्ये उतरलेल्या सर्व्हेयर ३ ला तर एक यांत्रिक हात होता. कॅलिफोर्नियातील रोनाल्ड स्कॉट या मृत्तिकातज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्या हाताने चंद्रावर चर पाडले आणि जमीन दाबून पाहिली. जमीन ओलसर वाळूसारखी वागते, असे दिसले. ओलावा मात्र तेथे थेंबभरही नव्हता.

यानंतर माणूस गेला. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन उतरले तेव्हा यानाच्या पायांच्या थाळ्या जमिनीत काही सेंटिमीटरच गेल्या. आर्मस्ट्राँगने यान इतके हळुवार टेकवले की धक्का सोसण्यासाठी पायांत ठेवलेले भाग फारसे दबलेच नाहीत, आणि शिडीची खालची पायरी जमिनीपासून बरीच उंच राहिली. मग बुटाचा ठसा उमटला. ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. आपण त्यात पराक्रम पाहिला. मृत्तिकातज्ज्ञांनी त्यात मोजमाप पाहिले. माणसाचे वजन ठाऊक, बुटाचा तळ ठाऊक, म्हणजे दाब ठाऊक. ठसा किती खोल गेला ते छायाचित्रावरून कळले, म्हणजे जमिनीचा जोर कळला. ठशाच्या कडा ढासळल्या नाहीत, म्हणजे थोडे चिकटपणही आहे. बूट हेच पहिले उपकरण ठरले.

पण लगेच एक कोडे पडले. वर पाऊल रुतते, मात्र झेंड्याची काठी काही इंचांपलीकडे जाईना. मातीचा नमुना काढण्यासाठी नेलेली नळी ऑल्ड्रिनने हातोडीने जोराने ठोकली, तरी ती वीतभरच गेली. यात थोडा दोष नळीचाही होता. तिचे तोंड आत निमुळते होत गेले होते, त्यामुळे शिरणारी माती तेथेच दाबली जाऊन अडत असे. पुढील मोहिमेसाठी, म्हणजे नोव्हेंबर १९६९ च्या अपोलो १२ साठी, ते तोंड सरळ केले आणि नळी अधिक खोल गेली. अपोलो १५ पासून तर नळीचा व्यास दोन सेंटिमीटरांवरून सुमारे चारावर नेला आणि तिची भिंत पातळ केली, म्हणजे आतली माती जशी होती तशी वर येईल.

तरीही कोड्याचा मुख्य उलगडा मातीतच होता. धान्याचा व्यापारी मापटे भरताना ते दोनदा आपटतो, आणि तेवढ्याच मापात मूठभर धान्य अधिक बसते. चंद्रावर हे आपटणे अब्जावधी वर्षे चालू आहे. लहानमोठ्या उल्कांच्या आघातांनी खडकाचा भुगा झाला आणि त्याच आघातांच्या हादऱ्यांनी तो भुगा खाली घट्ट बसत गेला. अगदी वरचा थर मात्र बारीक आघातांनी सतत ढवळला जातो, म्हणून सैल. मोहिमांच्या सर्व मोजण्या एकत्र केल्या तेव्हा असे दिसले की, वरच्या १५ सेंटिमीटरांत घनता दर घन सेंटिमीटरला सरासरी दीड ग्रॅम आहे, आणि ३० ते ६० सेंटिमीटरांच्या दरम्यान सुमारे १.७४ ग्रॅम. आपल्याकडे रोलर फिरवूनही ज्या दाटीला पोचावयास कष्ट पडतात, त्या दाटीची जमीन तेथे फूटभर खाली आयती आहे.

आणि पाण्यावाचून चिकटपण कोठून आले? आपल्या नदीची वाळू वाहून वाहून गोल झालेली असते. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही. कणांचे कोपरे झिजत नाहीत. शिवाय आघाताच्या उष्णतेने वितळलेली काच अनेक कणांना सांधून वेडेवाकडे गोळे बनवते. असे काटेरी कण एकमेकांत अडकतात. यामुळे घर्षण आपल्या वाळूपेक्षा चढे आणि चिकटपण थोडे, परंतु उपयोगी.

माणसाच्या हाताने पद्धतशीर मोजणी झाली ती फेब्रुवारी १९७१ च्या अपोलो १४ पासून. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक जेम्स मिचेल आता या कामाचे प्रमुख होते. या मोहिमेत एक साधी सळई नेली होती. टोक शंकूसारखे, अंगावर काळेपांढरे पट्टे. ती एका हाताने दाबावयाची, मग दोन हातांनी, आणि किती पट्टे आत गेले ते सांगावयाचे. आमच्या गड्याची पहार ती हीच. उणीव एवढीच की, खोली मोजली जाई, पण हाताने जोर किती लावला याचा अंदाज पृथ्वीवर तसाच पोशाख घालून, तीच कृती करून बांधावा लागे.

ही उणीव अपोलो १५ मध्ये जुलै-ऑगस्ट १९७१ ला दूर झाली. जेम्स आयर्विनच्या हातात स्वतः नोंद करणारी सळई होती. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. दाबणारा दाबत जाई आणि आतल्या ढोलक्यावर जोर व खोली यांची रेघ आपोआप उमटे. तो नोंदीचा भागच परत आणला. तिला निरनिराळ्या आकाराचे शंकू आणि एक लांबट पट्टी बसवता येत असे. जोराची कमाल मर्यादा सुमारे ११ किलोची. एवढी कमी का? कारण जोर हा शेवटी वजनातून येतो. पोशाख आणि पाठीवरचा सरंजाम धरून जो माणूस पृथ्वीवर १६० किलोंच्या पुढे भरेल, तो चंद्रावर सत्तावीस-अठ्ठावीस किलोंचा. त्याने फार जोर लावला तर सळई खाली जाण्याऐवजी तोच वर उचलला जाईल!

आयर्विनने एक चरही खणला. भिंत सरळ उभी राहिली. मग काठाजवळ ती पट्टी टेकवून भिंत ढासळेपर्यंत दाबले. किती जोराने ढासळली यावरून मातीचे बळ काढता आले. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या चार्ल्स ड्यूकने अशाच सळईने उतारावर आणि सपाटीवर मोजण्या घेतल्या. निष्कर्ष असा की, काही पावलांच्या अंतरावरही मातीचे बळ बदलते. मोटारगाडीची जाळीदार चाके मात्र सरासरी सव्वा सेंटिमीटरच रुतली.

हे सारे सुखासुखी झाले, असे कोणी समजू नये. हवेने फुगलेल्या हातमोज्यांत बोटे वळवणे हेच कष्टाचे. अपोलो १५ मध्ये जमिनीत खोल भोक पाडताना नळ्यांच्या सांध्यांशी भुगा अडला आणि ठरल्यापेक्षा कमी खोलीवर काम थांबले. सुमारे अडीच मीटरांची नमुन्याची नळी तर निघेचना. दोघांनी खांदे लावून ती उपटली. डेव्हिड स्कॉटची बोटे नखांखाली काळीनिळी पडली. त्याच मोहिमेत हृदयाच्या ठोक्यांत अनियमितपणा नोंदला गेला. पुढील मोहिमेत नळ्या सुधारल्या आणि नळी उपटण्यासाठी जॅक दिला. डिसेंबर १९७२ च्या अपोलो १७ मध्ये हॅरिसन श्मिट यास धुळीने शिंका आणि नाक चोंदण्याचा त्रास झाला. ज्यांनी कापडगिरणीतील कामगारांचा खोकला ऐकला आहे, दगडखाणीतील धूळ पाहिली आहे, त्यांना काटेरी धूळ छातीत जाणे म्हणजे काय ते सांगावयास नको.

आता चराकडे पुन्हा येऊ, कारण या व्याख्यानाचे खरे कारण तेथे आहे. चंद्राच्या मातीची सरळ भिंत हिशेबाप्रमाणे दोनतीन मीटर उभी राहू शकते. तीच माती पृथ्वीवर आणली तर, वजन सहापट झाल्यामुळे, फूट-दीड फुटांपलीकडे भरवसा नाही. आणि चंद्रावरही सर्वत्र तसे नाही. अपोलो १४ मध्ये शेपर्डने खणलेल्या चराच्या कडा अपेक्षेहून लवकर ढासळू लागल्या, कारण तेथे चिकटपण कमी होते. दुसऱ्या चरावरून पहिल्याची खात्री देता येत नाही, हा त्या मोहिमांचा धडा.

काही वर्षांपूर्वी एका गावी सांडपाण्याचे नळ टाकण्यासाठी पुरुषभर खोल चर खणला जात होता. बाजूंना फळ्यांचा आधार नव्हता. गड्यांनी मागितला, तेव्हा उत्तर मिळाले, "कालपासून भिंत उभी आहे ना?" भिंत उभी होती ती ओलाव्याने आलेल्या चिकटपणावर. दुपारी ऊन लागले, काठावर मातीचा ढीग वाढला, आणि भिंत बसली. दोघे गाडले गेले. एकास जिवंत बाहेर काढले. आम्ही चौकशीस गेलो तेव्हा सर्वजण म्हणत होते, माती अचानक आली. तेव्हापासून आम्ही ग्रंथालयात बसून मृत्तिकाशास्त्राची पुस्तके वाचू लागलो, आणि आम्हांला कळले की माती अचानक येत नाही. तिचा हिशेब आहे. तो कोणी केला नव्हता, एवढेच.

ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या चांद्रयान ३ ने दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरून, तापमान मोजण्यासाठी दहा सेंटिमीटर लांबीची एक शलाका मातीत घातली. त्याचा अभिमान आम्हांलाही आहे. मनुष्य पुन्हा चंद्रावर जाण्याच्या योजना चालू आहेत. तेथे वस्ती करावयाची तर या मोजण्याच पाया ठरतील. जेथे दोन माणसांनी पाऊल टाकावयाचे होते तेथली माती आधी यंत्रांनी, मग त्यांच्याच हातांनी मोजली गेली. हे योग्यच झाले. आमचे मागणे एवढेच आहे की, उद्या आपल्या गल्लीत चर खणला जाईल तेव्हा काठावर उभे राहून आपणही विचारावे, "माती पाहिली आहे का? फळ्या लावल्या आहेत का?" त्यासाठी चंद्राएवढ्या लांब जावे लागत नाही. पहार जवळच असते आणि ती मारणाराही.