निरोप थांबतो तेव्हा : मण्यारीचे विष आणि आपली चेतासंस्था

पावसाळा सुरू झाला की सर्पदंशाच्या बातम्या वाढू लागतात. बिळांत पाणी शिरते, उंदीर आणि बेडूक यांच्या मागावर साप घरांच्या आसपास येतात. घोणस चावली तर दंशाची जागा लगोलग सुजते, असह्य वेदना होतात आणि काहीतरी भयंकर घडले आहे हे कोणालाही कळते. मण्यारीचे मात्र तसे नाही. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला पुष्कळदा झोपेतच दंश करते. तिचे विषदंत लहान असतात. दंशाच्या जागी सूज नसते, वेदना जवळजवळ नसतात, कधी कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते आणि घरची मंडळी ते अपचन समजतात. त्यानंतर पापण्या जड होतात, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, जीभ अडखळते, थुंकी गिळता येत नाही आणि अखेर श्वास मंदावतो.

सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, या साऱ्या काळात त्या माणसाची शुद्ध बहुधा शाबूत असते. मेंदू जागा असतो, हृदय धडधडत असते, स्नायूही धडधाकट असतात. तरीही पापणी उचलत नाही. बिघाड नेमका कुठे झाला, हे समजून घ्यायचे तर आपली चेतासंस्था निरोप कसा पोहोचवते, हे पाहावे लागते.

पेशीच्या आतील वीज

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येक चेतापेशीचे साधारण तीन भाग मानता येतात. झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या वृक्षिका इतरांकडून निरोप घेतात, पेशीकाय त्यांचा ताळेबंद मांडतो आणि अक्षतंतू नावाचा लांब धागा निरोप पुढे नेतो. कण्यातून पायाच्या बोटांकडे जाणारे काही अक्षतंतू जवळजवळ एक मीटर लांब असतात. ज्यांना आपण व्यवहारात नसा किंवा मज्जातंतू म्हणतो, त्या अशा हजारो धाग्यांच्या जुड्याच असतात.

या धाग्यांतून काहीतरी विजेसारखे वाहते, ही कल्पना इटलीतील लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे आली. ते प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतातंतूतून जाणाऱ्या निरोपाचा वेग मोजला. तो सेकंदाला तीस मीटरांच्या आसपास भरला. तांब्याच्या तारेतील विजेच्या मानाने हा वेग अगदीच कमी होता. म्हणजे ही वीज तारेतील विजेसारखी नव्हती.

तिचे स्वरूप उलगडले ते एका समुद्री जिवामुळे. गोव्यातील खवय्यांना जी माणकी परिचित आहे, त्या स्क्विड वर्गातील प्राण्यांच्या अंगात असाधारण जाड अक्षतंतू असतो. त्याचा व्यास एक मिलिमीटरपर्यंत असू शकतो. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्या धाग्याच्या आत विद्युताग्र घालून मोजमापे घेतली, १९५२ मध्ये त्यांचे गणित मांडले आणि १९६३ मध्ये जॉन एकल्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळवले.

त्यांनी दाखवले ते असे. चेतापेशीच्या बाहेर सोडियमचे विद्युतभारित कण आतल्यापेक्षा सुमारे दहापट असतात, तर आत पोटॅशियमचे कण बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट अधिक असतात. हा असमतोल टिकवण्यासाठी पेशीच्या पटलातील पंप अहोरात्र चालू असतात. दर फेरीला सोडियमचे तीन कण बाहेर टाकायचे आणि पोटॅशियमचे दोन आत घ्यायचे, असे त्यांचे काम. परिणामी विश्रांतीच्या अवस्थेत पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. बॅटरीतील साध्या सेलच्या दाबाचा हा साधारण विसावा हिस्सा. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खर्च करतो, ती बऱ्याच अंशी याच खटाटोपावर.

निरोप निघतो तेव्हा पटलातील सोडियमची दारे क्षणभर उघडतात. बाहेर दाटलेला सोडियम आत धावतो आणि त्या जागी ऋण असलेला भाग धन होतो. या बदलामुळे शेजारची दारे उघडतात, मग त्यापुढची. ओळीने उभ्या केलेल्या पत्त्यांपैकी पहिला ढकलावा आणि शेवटपर्यंत एकेक पडत जावा, तसा हा निरोप सरकतो. लगेच सोडियमची दारे मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि एक-दोन सहस्रांश सेकंदांत ती जागा पुन्हा सज्ज होते. काही अक्षतंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. त्यात ठरावीक अंतरावर फटी असतात आणि निरोप फटीतून फटीकडे उड्या मारत जातो. अशा जाड, वेष्टित धाग्यांतून वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो. वेदना वाहणाऱ्या बारीक, वेष्टनहीन धाग्यांत तो एक-दोन मीटरच असतो. म्हणूनच पायाच्या अंगठ्याला ठेच लागल्यावर आधी झणझणीत कळ आणि मागाहून ठणका, असे दोन टप्पे जाणवतात.

पेशींमधील दरी

मात्र अक्षतंतूच्या टोकाशी ही वीज थांबते. एक चेतापेशी आणि दुसरी, अथवा चेतापेशी आणि स्नायू, यांच्यामध्ये अतिसूक्ष्म मोकळी जागा असते. तिला संपर्कस्थान म्हणतात. चेतापेशी आणि स्नायू यांच्यामधील ही दरी मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी असते. ती ओलांडण्यासाठी निरोपाला आपले रूप बदलावे लागते.

हे कसे घडते, याचा निर्णायक पुरावा ऑटो लेवी यांनी १९२१ मध्ये दिला. त्यांनी बेडकांची दोन हृदये द्रवात धडधडती ठेवली. पहिल्या हृदयाची गती मंदावणाऱ्या चेतातंतूला त्यांनी उद्दीपित केले आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. दुसरे हृदयही मंदावले. दोघांमध्ये कोणताही तंतू जोडलेला नव्हता. पहिल्या हृदयाच्या चेतातंतूने द्रवात सोडलेल्या रसायनानेच हे काम केले होते. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. लेवी आणि हेन्री डेल यांना १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या इच्छेनुसार हलणारा प्रत्येक स्नायू याच रसायनाच्या आज्ञेत असतो. विजेचा निरोप चेतातंतूच्या टोकाशी आला की तेथे कॅल्शियम आत शिरते. आतल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला चिकटून फुटतात आणि ॲसिटिलकोलीन दरीत सांडते. पलीकडे स्नायूवर ग्राही नावाची प्रथिने वाट पाहत असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते रसायन त्यांत बसते, दार उघडते, स्नायूत पुन्हा वीज निर्माण होते आणि स्नायू आकुंचन पावतो. काम झाले की एक विकर त्या रसायनाचे तत्काळ विघटन करते, जेणेकरून पुढचा निरोप स्वच्छ वाचता यावा. पापणी उचलताना, घास गिळताना आणि प्रत्येक श्वासागणिक हे सारे घडत असते.

विष कुठे घाव घालते?

विंचू, मण्यार आणि नाग यांची विषे याच साखळीतील तीन वेगवेगळ्या कड्यांवर आघात करतात.

कोकणातील लाल विंचवाचे विष निरोपाच्या वाटेवरच काम करते. सोडियमची दारे वेळेवर मिटू न देणे, हा त्याचा मुख्य उद्योग. निरोप थांबण्याऐवजी पुन्हा पुन्हा उसळतो. हृदय आणि रक्तवाहिन्या यांचे नियंत्रण करणारी स्वायत्त चेतासंस्था खवळते, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो आणि हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांवर प्राझोसिन हे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरून पाहिले. त्यांचा शोधनिबंध १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू कमालीचे घटले.

मण्यारीचे विष प्रामुख्याने निरोप पाठवणाऱ्या टोकावर घाव घालते. चेतातंतूच्या टोकातील रसायनाच्या पिशव्या रित्या होतात आणि ते टोकच उद्ध्वस्त होते. वीज येते, पण दरीत सांडायला काही उरत नाही.

नागाच्या विषातील चेताविष घेणाऱ्या टोकावर बसते. स्नायूवरील ग्राहींमध्ये ते ठाण मांडते. किल्ली पोहोचते, पण कुलूप आधीच अडवलेले असते. या विषाबरोबर ऊतींची नासाडी करणारे घटकही असतात, म्हणून नागाच्या दंशाच्या जागी सूज आणि वेदना दिसते.

याच विषांनी विज्ञानाला एक देणगीही दिली. तैवानमधील शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये तेथील पट्टेरी मण्यारीच्या विषातून ग्राहीला घट्ट चिकटणारा एक घटक वेगळा केला. त्याच्याच मदतीने पुढे ॲसिटिलकोलीनचे ग्राही प्रथम ओळखून वेगळे काढता आले. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती याच ग्राहींवर उलटते, हे त्यानंतर उमगले. त्या आजाराच्या रुग्णांच्याही पापण्या सुरुवातीला मिटू लागतात, हा योगायोग नव्हे. बिघाडाची जागा तीच आहे.

शुद्धीवर, तरीही निश्चल

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. सर्पविषातील ही प्रथिने आकाराने मोठी असतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधील नैसर्गिक अडसर ती सहसा ओलांडत नाहीत. म्हणून विचार चालू राहतो. हृदयाला धडधडण्यासाठी मेंदूच्या आज्ञेची गरज नसते, कारण त्याचा ठोका त्याच्यातच निर्माण होतो. चेतातंतू तो ठोका केवळ जलद किंवा मंद करतात. म्हणून हृदयही चालू राहते. श्वासाचे मात्र तसे नाही. छातीचा पडदा हा स्नायू दर श्वासाला चेतातंतूच्या निरोपाची वाट पाहतो. तो निरोप पोहोचला नाही की श्वास थांबतो आणि प्राणवायूअभावी मग मेंदू व हृदय बंद पडतात. मण्यारीचा बळी विषाने मरतो असे म्हणण्यापेक्षा तो गुदमरून मरतो, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

याचे परिणाम फार गंभीर आहेत. पूर्ण लुळा पडलेला असा रुग्ण हाक मारली तर ओ देत नाही, चिमटा काढला तर हलत नाही, कधी त्याच्या बाहुल्याही प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. मेंदू मृत झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो सारे ऐकत असू शकतो. यंत्राने श्वास देत राहिल्यास उद्ध्वस्त झालेली चेताटोके काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, पुन्हा वाढतात आणि तोच माणूस चालत घरी जाऊ शकतो. अशा रुग्णाची आशा सोडण्याची घाई म्हणूनच घातक ठरते.

वेळ इतका मोलाचा का, हेही यातून उमजते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालणारे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून बनवतात. ते रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. चेतातंतूच्या टोकाशी शिरून काम उरकलेल्या विषापुढे मात्र ते हतबल असते. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन हे औषध साहाय्यक ठरू शकते, कारण ते ॲसिटिलकोलीनचे विघटन रोखते आणि किल्ल्यांची संख्या वाढवते. मण्यारीच्या दंशात किल्ल्याच संपलेल्या असल्याने त्याचा उपयोग क्वचितच होतो.

एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक दगावले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला आणि केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

घरच्या घरी करण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. चावा बसलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठी व बांगड्या काढाव्यात, रुग्णाला चालवू नये आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून कृत्रिम श्वासाची सोय असलेले रुग्णालय गाठावे. सूज नाही म्हणून धीर धरणे मण्यारीच्या बाबतीत जिवावर बेतू शकते. लक्षणे नसली तरी किमान चोवीस तास रुग्णालयात देखरेखीखाली राहणे आवश्यक असते. पावसाळ्यात जमिनीऐवजी खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचणे, हा मण्यारीपासून बचावाचा साधा व परिणामकारक उपाय आहे. आणि रात्री धडधाकट झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उचलत नसतील, तर ती झोपेची गुंगी समजू नये. चेतापेशी आणि स्नायू यांच्यामधील संवाद तुटू लागल्याची ती पहिली खूण असू शकते.