दिनदर्शिकेत दिसणारे अपघात

15 जानेवारी 2019, मकर संक्रांत. धडगाव तालुक्यातल्या भूषा गावाजवळ नर्मदेत बोट उलटली आणि किमान सहा जण दगावले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. ऑक्टोबर 2020 मध्ये मलकापूरहून सुरतला निघालेली खासगी बस कोंडाईबारी घाटात कोसळली. जानेवारी 2021 मध्ये तोरणमाळ परिसरातल्या खडकीजवळ मजुरांची जीप दरीत गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये, ऐन धनत्रयोदशीला, अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली आणि पुढच्याच महिन्यात दिवाळीची सुट्टी संपवून निघालेल्या विद्यार्थ्यांची बस देवगोई घाटात पडली. संक्रांत, यात्रा, शाळा उघडण्याचा दिवस: नंदुरबार जिल्ह्यातल्या या पाचांपैकी तीन दुर्घटनांच्या वेळची गर्दी दिनदर्शिकेत आधीच लिहिलेली होती. तरी अपघातानंतर चौकशी बहुधा चालकाच्या बेदरकारपणापाशी थांबते.

हयगयीच्या कायद्याचा खरा प्रश्न वेगळा आहे: शहाण्या माणसाला हा धोका आधी दिसायला हवा होता का? 1997 मध्ये राजकोट महापालिकेच्या खटल्यात, रस्त्याकडेचे झाड अचानक पडून झालेल्या मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरले नाही. उलट दिल्लीच्या चांदणी चौकातला जुना घड्याळ मनोरा कोसळला, त्या प्रकरणात 1966 मध्ये दोष बाहेरून दिसत नव्हता ही सबब न्यायालयाने मानली नाही. वेळोवेळी तपासणी करणे हे महापालिकेचे कर्तव्यच ठरवले. नंदुरबारचे घाट झाडापेक्षा मनोऱ्याच्या जवळचे आहेत. इथे तर धोका दडलेलाही नाही. तीव्र वळण, खोल दरी आणि खच्चून भरलेली गाडी सगळ्यांनाच दिसते.

यावर पहिला आक्षेप असा की, मालवाहू गाडीत लोक आपण होऊन बसतात. बसतात, कारण सोयीची एसटी नसते. त्याची किंमतही तेच मोजतात: मालवाहू गाडीतल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये आशा राणी प्रकरणात ठरवले. मग भरपाईसाठी उरतो तो बहुधा फाटक्या खिशाचा गाडीमालक. मात्र 2020 मध्ये, दुचाकीवर तिघे बसले म्हणून मृताचा दोष आपोआप सिद्ध होत नाही, त्या बसण्याचा अपघाताशी संबंध दाखवावा लागतो, असेही त्याच न्यायालयाने म्हटले आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा: डोंगरातल्या प्रत्येक वळणाची हमी सरकार कशी देणार? तशी मागणीच नाही. जिथे आधी माणसे मेली तिथे कठडा आणि यात्रेच्या दिवशी जादा एसटी व पायथ्याशी तपासणी, एवढेच अपेक्षित आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 198 अ रस्त्याच्या सदोष बांधणी-देखभालीबद्दल दंड सांगते. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूंसाठी यंत्रणांनीच भरपाई द्यावी असे बजावले. खड्ड्याला लागू होणारे तत्त्व विनाकठड्याच्या वळणाला लागू न होण्याचे कारण नाही. म्हणून यापुढे घाटातल्या अपघाताचा दावा दाखल होताना त्या ठिकाणच्या आधीच्या अपघातांची यादी पहिल्या पानावर असावी. धोका ठाऊक होता, याचा तोच पुरावा.