अथेना प्रकल्प

अथेना प्रकल्प हा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या विद्यापीठाने १९८३ ते १९९१ या काळात राबवलेला संगणकीय प्रकल्प होता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आयबीएम या कंपन्यांनी त्यास यंत्रे, मनुष्यबळ व निधी पुरवला. पदवीच्या विद्यार्थ्यांना, मग ते कोणत्याही विषयाचे असोत, परिसरात कोठेही बसून आपले काम करता यावे, हा त्यामागील हेतू होता. पुण्यातील त्याच आद्याक्षरांच्या संस्थेशी या प्रकल्पाचा संबंध नाही.

स्वरूप

प्रकल्पाचा आरंभ मे १९८३ मध्ये झाला. मूळ मुदत पाच वर्षांची होती. ती पुढे तीन वर्षांनी वाढवण्यात आली. सुरुवातीला एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनले जोडलेली असत. नंतर त्यांची जागा नेटवर्कने जोडलेल्या स्वतंत्र वर्कस्टेशनांनी घेतली. विद्यार्थ्याच्या फाइली त्याच्यासमोरील यंत्रात न राहता मध्यवर्ती सर्व्हरवर राहत. त्यामुळे तो ज्या यंत्रापुढे बसेल ते यंत्र तेवढ्यापुरते त्याचे होई.

दोन कंपन्यांची यंत्रे अंतर्रचनेत भिन्न होती, आणि वापरणाऱ्याला हा भेद जाणवू नये अशी अपेक्षा होती. या गरजेतूनच १९८४ मध्ये रॉबर्ट शाइफलर व जिम गेटिस यांनी एक्स विंडो प्रणालीचे काम हाती घेतले. एका यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रॅमची खिडकी दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उघडणे तिच्यामुळे शक्य झाले. १९८७ मध्ये आलेली तिची अकरावी आवृत्ती पुढे अनेक दशके युनिक्स व लिनक्स संगणकांवर प्रचलित राहिली.

कर्बेरॉस

सर्वांत अवघड प्रश्न ओळख पटवण्याचा होता. सार्वजनिक खोलीतील यंत्र कोणाच्याही ताब्यात जाऊ शकते आणि तारेतून जाणारा मजकूर कोणीही वाचू शकतो; अशा स्थितीत पासवर्ड नेटवर्कवरून पाठवणे म्हणजे तो जाहीर करण्यासारखेच होते. यावर शोधलेला उपाय म्हणजे कर्बेरॉस. स्टीव्ह मिलर व क्लिफर्ड न्यूमन हे त्याचे प्रमुख रचनाकार. १९७८ मध्ये नीडहॅम व श्रोडर यांनी मांडलेल्या पद्धतीवर तो आधारलेला आहे.

त्याची युक्ती अशी : विद्यार्थी आपले नाव सांगतो तेव्हा मध्यवर्ती सर्व्हर त्याला एक ‘तिकीट’ कुलूपबंद पेटीत घालून पाठवतो. ही पेटी केवळ त्या विद्यार्थ्याच्या पासवर्डपासून बनलेल्या किल्लीने उघडते. पासवर्ड टंकला जातो तो समोरच्या यंत्रापुरता. तारेतून तो कधीच जात नाही. पुढे फाइली, छपाई वा टपाल यांसाठी हेच तिकीट दाखवून त्या त्या सेवेचे वेगळे तिकीट मिळवायचे असते. तिकिटाला काही तासांची मुदत असते. चोरलेला संदेश पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्यावर वेळेची नोंद असते. त्यामुळे सर्व यंत्रांची घड्याळे जवळजवळ सारखी चालावी लागतात. काही मिनिटे मागे पडलेल्या यंत्राला योग्य पासवर्ड देऊनही प्रवेश मिळत नाही.

या रचनेला मर्यादाही आहेत. पासवर्ड सोपा असेल तर ती पेटी पळवून नेऊन निवांतपणे किल्ल्या लावून पाहता येतात. शिवाय मध्यवर्ती सर्व्हरच फोडला गेला, तर सगळ्यांच्याच किल्ल्या हाती लागतात.

बिल ब्रायंट यांनी १९८८ मध्ये ही सारी रचना नाट्यसंवादाच्या रूपाने समजावून दिली. त्यातील पात्रे अथेना व युरिपिडीझ अशी आहेत. एक पात्र उपाय सुचवते आणि दुसरे त्यातील छिद्र दाखवते. तांत्रिक विषयावरील इतके सुबोध लेखन विरळाच.

इतर सेवा

ग्रीक नावांचा परिपाठ इतरत्रही दिसतो. हेसिओड ही सेवा नावांची माहिती पुरवी, तर मोइरा व्यवस्थापनाचा तपशील सांभाळी. झेफिर ही तत्काळ संदेशांची सेवा होती. एखादा फाइल सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद होणार असेल, तर ती सूचना त्या वेळी त्याच्यावर काम करणाऱ्यांच्या पडद्यावर थेट उमटे. कागद चिकटवलेला सूचनाफलक अशा वेळी निरुपयोगीच ठरला असता. अडलेल्या विद्यार्थ्याला ‘ओएलसी’ या सेवेवरून सल्लागाराला प्रश्न विचारता येई.

अध्यापनावरील परिणाम

तांत्रिक यशाच्या मानाने शैक्षणिक यश संमिश्र होते. भाषाशिक्षणात काही उल्लेखनीय प्रयोग झाले. फ्रेंच शिकणाऱ्यांसाठीच्या एका व्हिडिओ-कथेत विद्यार्थ्याला फिलिप नावाच्या पत्रकाराला पॅरिसमध्ये घर शोधून द्यावे लागे. मात्र अनेक प्राध्यापक साशंक होते. पडद्यावरील प्रतिकृतीत गुंतून विद्यार्थी प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष अनुभवाला मुकतील, अशी भीती विज्ञानशाखांत व्यक्त झाली. शेरी टर्कल यांनी या मतभेदांचा अभ्यास केला असून तो वाचण्याजोगा आहे. ही शंका आजही जुनी झालेली नाही.

नंतरचा काळ

३० जून १९९१ रोजी प्रकल्प अधिकृतपणे संपला. अथेना ही सेवा मात्र विद्यापीठाच्या नियमित संगणक विभागाकडे जाऊन चालू राहिली. कर्बेरॉसची पाचवी आवृत्ती १९९३ मध्ये इंटरनेटचे मानक म्हणून नोंदली गेली. सांकेतिक लेखनाच्या तंत्रावर अमेरिकेचे निर्यातनिर्बंध असल्यामुळे चौथ्या आवृत्तीतून ते तंत्र काढून उरलेला भाग ‘बोन्स’, म्हणजे हाडे, या नावाने परदेशी गेला होता. ऑस्ट्रेलियातील एरिक यंग यांनी गाळलेला भाग पुन्हा लिहून त्यात बसवला. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टनेही कर्बेरॉस स्वीकारला. आज ज्या कार्यालयांत वा महाविद्यालयांत विंडोजचे डोमेन आहे, तेथे सकाळी संगणकात प्रवेश करताना सामान्यतः हीच तिकिटे दिली जातात.