नामाक्षरावरून गुणमेलन : अवकहडा चक्राची रचना आणि मर्यादा

प्रस्तावना

विवाह जुळविताना वधूवरांचे गुणमेलन पाहण्याची प्रथा महाराष्ट्रात आजही रूढ आहे. दोघांपैकी एकाची जन्मवेळ ठाऊक नसेल, तर नावाच्या आद्याक्षरावरून नक्षत्र व रास काढून ३६ पैकी किती गुण जमतात हे पाहिले जाते. १८ हून कमी गुण आल्यास स्थळ नाकारले जाते. फलज्योतिषाला वैज्ञानिक आधार नाही, हा प्रश्न स्वतंत्र आहे. नावावरून गुण पाहणे ज्योतिषपरंपरेच्या स्वतःच्या नियमांत तरी बसते काय, एवढाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अवकहडा चक्राची रचना

प्रत्येक नक्षत्र १३ अंश २० कलांचे असून त्याचे चार चरण मानले जातात. प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमून दिलेले आहे. ही अक्षरे कोणत्या तत्त्वाने आली, हे पंचांगातील कोष्टकावरून सहज ध्यानात येत नाही. कारण तेथे आरंभ अश्विनीच्या 'चू चे चो ला' पासून होतो. गणना कृत्तिकेपासून केली की रचना उलगडते. अ, व, क, ह, ड ही पाच अक्षरे प्रत्येकी पाच स्वरांनी फिरविली की २५ अक्षरे होतात. त्यांत आर्द्रेची घ, ङ, छ ही तीन मिळविली की २८, म्हणजे बरोबर सात नक्षत्रांचे चरण भरतात. पुढे म-ट-प-र-त, न-य-भ-ज-ख आणि ग-स-द-च-ल हे गट याच रीतीने येतात. एकूण ११२ अक्षरे होतात व ती अभिजितासह २८ नक्षत्रांना पुरतात. थोडक्यात, ही वर्णांची क्रमवार मांडणी आहे. नावाच्या अर्थाशी किंवा व्यक्तीच्या स्वभावाशी तिचा संबंध नाही.

ङ, ञ, ण या वर्णांनी नावे सुरू होत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड घेण्याची मुभा आहे. परिणामी 'ग'ने सुरू होणारे नाव धनिष्ठेचे की आर्द्रेचे, हे केवळ नावावरून सांगता येत नाही. 'ज्ञानेश्वर' या नावाची अडचण तर खास मराठी आहे. लेखनानुसार 'ज' धरल्यास रास मकर येते, मराठी उच्चारानुसार 'द' धरल्यास कुंभ.

जन्मनाव आणि व्यवहारनाव

चक्राचा मूळ उपयोग नक्षत्रावरून नाव ठेवण्यासाठी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचलेल्या 'धर्मसिंधु'त देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिकनाम अशी चार नावे सांगितली आहेत. चारचौघांत हाक मारली जाते ती यांतील शेवटच्या नावाने. आत्याने बारशाला ठेवलेले किंवा आजीची आठवण म्हणून दिलेले नाव चक्रातून उलटे वाचल्यास जन्मनक्षत्र हाती लागेल, असे मानण्यास आधार नाही.

परंपरेलाही हे ठाऊक होते. विवाह, मंगलकार्ये, यात्रा व ग्रहगोचर यांत जन्मरास प्रधान मानावी; ग्राम, गृह, युद्ध, सेवा व व्यवहार यांत नामरास पाहावी, असा संकेत आहे. जन्मनक्षत्र अज्ञात असेल तेव्हाच नावाचा आश्रय घ्यावा आणि तोही दोघांच्या बाबतीत. एकाचे जन्मनक्षत्र व दुसऱ्याचे नामनक्षत्र अशी सरमिसळ स्पष्टपणे निषिद्ध मानली आहे. प्रत्यक्षात मात्र नेमकी हीच सरमिसळ सर्रास आढळते.

एक उदाहरण

वधूचे नाव सुनीता व वराचे पराग मानू. 'सु'वरून शततारका नक्षत्र व कुंभ रास येते, 'प'वरून उत्तरा नक्षत्र व कन्या रास. दोन्ही नक्षत्रे आद्य नाडीची असल्याने नाडीचे ८ गुण जातात. कन्या व कुंभ यांत षडाष्टक असल्याने राशिकूटाचे ७ जातात. उरलेल्या २१ पैकी १८ मिळाले तरच स्थळ टिकेल. आता याच मुलीला घरी 'नंदा' म्हणत असतील आणि ते नाव धरले, तर अनुराधा नक्षत्र, मध्य नाडी व वृश्चिक रास येते. गेलेले पंधराही गुण परत मिळतात. मुलगी तीच, तिचा जन्मही तोच. अनेक मराठी घरांत विवाहानंतर तांदळात अंगठीने लिहून वधूला नवे नाव दिले जाते. तेव्हा गुण कोणत्या नावाचे पाहायचे, या प्रश्नाला पद्धतीजवळ उत्तर नाही.

जन्मवेळेविना नक्षत्र

मुळात अष्टकूट गुणमेलनाला लग्नरास लागत नाही. चंद्राचे नक्षत्र व रास पुरते. चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस असतो. त्यामुळे जन्मतारीख माहीत असल्यास त्या वर्षीच्या पंचांगावरून नक्षत्राचे बहुधा दोनच पर्याय उरतात. वेळ ठाऊक नाही एवढ्यावरून नावाकडे वळण्याचे कारण नाही. अडचण उरते ती शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी अंदाजाने '१ जून' अशी तारीख घातलेल्यांची. अशा व्यक्तीसाठी नामनक्षत्र घ्यावयाचे झाले, तर दुसऱ्या पक्षाची पत्रिका कितीही अचूक असली तरी ती बाजूला ठेवून त्याचेही नामनक्षत्रच घ्यावे लागते.